कसायला दिलेलं शेत आणि सातबाऱ्यावरचं नाव
गावाची सत्ता कुणाच्या मेहरबानीची की हक्काची?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या, ग्रामसंघांच्या, प्रभागसंघांच्या सगळ्या ताई, मावशी, काकू आणि वहिनींसाठी हे लिहीत आहोत.

आमच्या बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. ग्रामपंचायतीला अधिकार दिलेत असं सगळेच सांगतात. मग गटार असो, पाण्याची टाकी असो की अंगणवाडीची खोली, काहीही मागायला गेलं की “वरून मंजुरी आलेली नाही” हेच उत्तर का मिळतं? अधिकार आहेत तर ते वापरता का येत नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही गटाच्या कामानिमित्त भेटणाऱ्या सरपंच ताईंशी, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी आणि पंचायत समितीतल्या काही कर्मचाऱ्यांशी बोललो. ही माणसं मोकळेपणानं बोलली, म्हणून त्यांची आणि त्यांच्या गावांची नावं आम्ही घेत नाही. त्यांचं म्हणणं सांगण्याआधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला शब्द विकेंद्रीकरण आणि दुसरा संघराज्य. शब्द जड वाटतात, पण गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

समजा, घरात दहा एकर शेत आहे. घरधनी म्हणाला, “त्यातलं दोन एकर तू कस. काय पेरायचं ते तू ठरव, येणारं पीक तुझं.” चांगली गोष्ट आहे. बाई राबते, दादर पेरते, कापूस लावते. पण सातबाऱ्यावर नाव घरधन्याचंच. पुढच्या वर्षी त्याचं मन बदललं, की शेत परत. हे झालं विकेंद्रीकरण. वरच्यानं खालच्याला काम आणि अधिकार वाटून द्यायचे, पण मालकी वरच्याकडेच राहते.

आता समजा, त्या दोन एकरांच्या सातबाऱ्यावर बाईचंच नाव लागलं. मग तिला विचारल्याशिवाय ते शेत कुणी परत घेऊ शकत नाही. हे झालं संघराज्याचं तत्त्व. सत्तेचे वाटे राज्यघटनेतच लिहिलेले असतात, म्हणून वरचा मनाला येईल तेव्हा खालच्याचा वाटा काढून घेऊ शकत नाही.

हे उदाहरण आम्ही उगाच घेतलं नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या चळवळीतून १९८९ च्या सुमारास ग्रामपंचायतीसाठी सगळ्या बायकांचं पॅनेल उभं राहिलं आणि निवडूनही आलं. तेव्हा एक तृतीयांश जागांच्या आरक्षणाचा कायदाही नव्हता. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात तिथल्या घरांनी जमिनी बायकांच्या नावावर केल्या. कसायला मिळणं आणि नावावर होणं यांतला फरक आपल्या खान्देशातल्या बायकांना तेव्हाच कळला होता.

आपल्या गावाचं नाव कुठे लिहिलं आहे?

आपला देश हा राज्यांचा संघ आहे, असं राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात म्हटलंय. कोणते विषय केंद्राचे, कोणते राज्याचे आणि कोणते दोघांचे, याच्या तीन याद्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहेत. म्हणजे दिल्ली आणि मुंबई यांच्यात सातबाऱ्याची वाटणी झालेली आहे. पण त्या याद्यांमध्ये गावाची वेगळी यादी नाही. स्थानिक शासन हा विषयच राज्याच्या यादीत घातलेला आहे. थोडक्यात, गाव राज्याच्या सातबाऱ्यात मोडतं.

महाराष्ट्रानं हे काम लवकर सुरू केलं होतं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी अशी मोठी कामं त्यांच्याकडे आली. देशभर तेव्हा महाराष्ट्राचं नाव घेतलं जायचं. नंतर मात्र एकेक योजना, एकेक खातं पुन्हा राज्याकडे किंवा नव्या यंत्रणांकडे सरकत गेलं. कायद्यानं दिलेलं कायद्यानंच काढता येतं, हे तेव्हाच दिसलं.

मग ७३ वी घटनादुरुस्ती आली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिनं गावाला काही गोष्टी पक्क्या दिल्या. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. दर पाच वर्षांनी निवडणूक ठरली. बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. राज्य निवडणूक आयोग आणि राज्य वित्त आयोग आले. अकराव्या अनुसूचीत २९ विषयांची यादी आली. शेती, पिण्याचं पाणी, प्राथमिक शिक्षण, आरोग्य, महिला व बालविकास, रेशन, सगळं त्या यादीत आहे.

पण इथेच एक मेख आहे. हे २९ विषय पंचायतींना द्यायचे की नाही, आणि किती द्यायचे, हे घटनेनं राज्याच्या विधिमंडळावर सोडलं. राज्य कायदा करून अधिकार देऊ शकतं, असं घटना म्हणते. द्यायलाच हवेत, असं म्हणत नाही. म्हणून निवडणूक आणि आरक्षण हा भाग सातबाऱ्यासारखा पक्का, आणि काम, पैसा, माणसं हा भाग कसायला दिल्यासारखा. आपली ग्रामपंचायत या दोन्हींच्या मधे अडकलेली आहे.

गाव चालवणारे काय म्हणतात?

आम्ही ज्यांच्याशी बोललो, त्यांची मतं एकसारखी नव्हती. चार प्रकारची मतं ऐकायला मिळाली.

पहिलं मत सरपंच ताईंचं. नियम सारखे बदलतात, ही त्यांची तक्रार. सरपंच थेट लोकांनी निवडायचा, असं २०१७ मध्ये ठरलं. २०२० मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांमधून निवड सुरू झाली. २०२२ मध्ये पुन्हा थेट निवडणूक आली. पाच वर्षांत तीन वेळा. प्रत्येक पद्धतीचे फायदे-तोटे असतील, पण कोणती हवी हे कुठल्याच ग्रामसभेला कुणी विचारलं नाही, असं या ताईंचं म्हणणं.

पैशाचंही तसंच. चौदाव्या वित्त आयोगात, म्हणजे २०१५ ते २०२० या काळात, केंद्राचा सगळा निधी थेट ग्रामपंचायतीला येत होता. पंधराव्या आयोगात तो तीन ठिकाणी वाटला गेला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १०. शिवाय २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा, असं बंधन आलं. पाणी आणि स्वच्छता आपल्यालाही हवीच आहे. पण एखाद्या गावात नळ आधीच पोचलेत आणि खरी अडचण शाळेच्या गळक्या छताची आहे, तर गावानं काय करायचं? एका सरपंच मावशींनी अहिराणीत एका वाक्यात सगळं सांगितलं, “गावना पैसा, गावले इचारीसन खर्च करा.”

दुसरं मत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचं. आपण त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतो. आधी काम करायला माणूस द्या, मग अधिकारांचं बोलू, असं ते म्हणतात. एकाकडे दोन-दोन गावं असतात. पोर्टलवर माहिती भरण्यात अर्धा दिवस जातो. त्यांची नेमणूक आणि बदली गावाच्या हातात नाही, त्यामुळे त्यांनाही दोन धनी सांभाळावे लागतात. गावाला उद्या सगळे अधिकार मिळाले आणि माणूस एकच राहिला, तर दोषही त्याच एकट्याच्या माथी येईल, ही त्यांची भीती. ही भीती आम्हाला खरी वाटते.

तिसरं मत पंचायत समितीतल्या कर्मचाऱ्यांचं. ते म्हणतात, वरचा डोळा असू द्या. गावात दोन-चार घरांची चलती असते. सगळा पैसा आणि सगळा निर्णय गावातच ठेवला, तर वस्तीवरची, पाड्यावरची, गावकुसाबाहेरची माणसं कुणाकडे दाद मागणार? ही काळजी आजची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत बोलताना गावांच्या संकुचितपणावर कडक टीका केली होती आणि घटनेनं माणसाला, व्यक्तीला, मूळ धरावं असा आग्रह धरला होता. ज्यांनी गावात जात सोसली आहे आणि ज्या बायकांनी गावकीचा धाक सोसला आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

चौथं मत पैशाच्या हिशोबाचं. रावेर-यावलचा केळीपट्टा आणि सातपुड्याच्या पायथ्याचं एखादं गाव, यांची घरपट्टी-पाणीपट्टी सारखी कशी येईल? गावांनी आपापल्या उत्पन्नावर चालावं असं म्हटलं, तर सधन गाव पुढे जाईल आणि गरीब गाव मागेच राहील. म्हणून अधिकार गावाला हवेत, पण गरीब गावाला जास्त वाटा देणारं कुणीतरी वर लागेलच.

चारही मतं ऐकल्यावर आम्हाला वाटलं, की यांतलं एकही खोटं नाही. गावाला हक्क हवा, आणि गावातल्या दुबळ्यालाही हक्क हवा.

शेजारच्या नेपाळमध्ये काय झालं?

विकेंद्रीकरणाकडून संघराज्याकडे जाणं म्हणजे काय, हे नेपाळकडे बघितलं की कळतं. तिथे १९९९ चा स्थानिक स्वशासन कायदा होता. तीन हजारांवर गाव विकास समित्या होत्या. कागदावर अधिकार होते. पण २००२ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि २०१७ पर्यंत गावांत निवडणूकच झाली नाही. पंधरा वर्षं सरकारनं नेमलेले सचिव गाव चालवत होते.

२० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळची नवी राज्यघटना आली. तिनं संघ, प्रदेश आणि स्थानिक तह, असे सत्तेचे तीन मजले घटनेतच लिहिले. तह म्हणजे स्तर. स्थानिक तहाला २२ विषयांची स्वतःची यादी मिळाली आणि त्यात माध्यमिकपर्यंतचं शिक्षणही आलं. लहान समित्या एकत्र करून ७५३ स्थानिक सरकारं झाली. २०१७ च्या निवडणुकीत प्रत्येक पक्षानं अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन पदांसाठी उमेदवार देताना त्यांत एक बाई असलीच पाहिजे, असा नियम होता. प्रत्येक वॉर्डात दोन महिला सदस्य, आणि त्यांतली एक दलित महिला. निवडून आलेल्यांत सुमारे ४१ टक्के बायका होत्या. गावातले छोटे तंटे ऐकणाऱ्या न्यायिक समितीचं प्रमुखपद उपाध्यक्षाकडे असतं, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी बायकांकडे आलं.

मग सगळं सुरळीत झालं का? नाही. पक्षांनी अध्यक्षपद पुरुषाला आणि उपाध्यक्षपद बाईला असं वाटून टाकलं. राजधानीतले कर्मचारी गावाकडे जायला तयार नव्हते. मुख्य प्रशासकीय अधिकारी अजूनही वरूनच नेमला जातो. पैशासाठी बहुतेक स्थानिक सरकारांना केंद्राच्या अनुदानाकडेच बघावं लागतं. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलं, पण विहिरीची मोटर अजून दुसऱ्याच्या हातात आहे. नेपाळकडून आपल्याला दोन गोष्टी कळतात. घटनेत लिहिलेला हक्क सहज काढता येत नाही, हे खरं. पण पैसा आणि माणसं मिळाल्याशिवाय तो पुरा होत नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याच देशात केरळनं दुसरी वाट काढली. घटना न बदलता १९९६ मध्ये लोकयोजना सुरू केली आणि राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं. तिथल्या कुटुंबश्री गटांच्या बायका पुढे मोठ्या संख्येनं पंचायतींवर निवडून आल्या. राज्यानं मनावर घेतलं तर कसायला दिलेल्या शेतातही चांगलं पीक येतं. पण ते मनावर घेणं पुढच्या सरकारवर अवलंबून राहतं.

आपल्याकडे हक्क कुठे दिसतो?

आपल्या दोन जिल्ह्यांतही हक्काच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे. चोपडा, यावल आणि रावेर, तसंच साक्री आणि शिरपूर या तालुक्यांतली काही आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४ मध्ये केले. या कायद्यात ग्रामसभा नुसती ऐकणारी नाही, ठरवणारी आहे. गौण वनोपज, गावातलं दारूचं दुकान, सावकारी, योजनांचे लाभार्थी, अशा गोष्टींत तिचं मत घ्यावंच लागतं. पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा करता येते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला किमान ५ टक्के निधी या ग्रामपंचायतींना थेट देण्याची तरतूद झाली.

त्याहून जुनं उदाहरण पांझराकाठचं. तिथली फड पद्धत काही शतकांची आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड. कोणत्या फडात काय पेरायचं, पाणी कुणाला कधी, हे शेतकरी एकत्र बसून ठरवत. पाणी सोडणारा पाटकरी गावानं नेमलेला आणि गावालाच जबाबदार. पाणी कमी पडलं तर सगळ्यांनी मिळून कमी पेरायचं. बायकांना आणि भूमिहीनांना त्या बैठकीत जागा नव्हती, ही त्या पद्धतीतली मोठी उणीव. पण नेमणूक, नियम आणि जबाबदारी एकाच ठिकाणी असली की कारभार चालतो, हे आपल्या मातीत सिद्ध झालेलं आहे.

आणि पक्का समजला जाणारा हक्कही कसा निसटतो, तेही आपल्याकडेच दिसलं. पाच वर्षांनी निवडणूक घ्यावी, असं घटना सांगते. तरी जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तिथे प्रशासक आले. ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. निवडून आलेली माणसं नसली की नुसती खुर्ची रिकामी राहत नाही. जिल्हा नियोजन समितीत पाचांपैकी चार हिस्से सदस्य स्थानिक संस्थांमधून निवडून जायचे असतात, त्यांचीही जागा रिकामी पडते. जिल्ह्याचा पैसा ठरवताना आपल्या बाजूनं बोलणारं कुणी उरत नाही. आणि निम्म्या जागा बायकांच्या, म्हणजे त्यात बायकांचं नुकसानही निम्मं.

मग आपण काय करायचं?

आम्हाला असं दिसतं, की राज्य दिल्लीकडे जेव्हा आपला वाटा मागतं, तेव्हा तो हक्क म्हणून मागतं, आणि ते बरोबरच आहे. तोच न्याय राज्यानं गावाला लावावा. २९ विषयांपैकी कोणता विषय गावाचा, कोणता तालुक्याचा, कोणता जिल्ह्याचा हे स्पष्ट लिहावं. विषयासोबत पैसा आणि माणूस द्यावा. आणि गावातल्या दुबळ्याला दाद मागण्याची जागा वर ठेवावी. घटना बदलणं आपल्या हातात नाही, पण आज जेवढं आहे तेवढं तरी वापरणं आपल्या हातात आहे. न कसलेल्या शेतावर दुसऱ्याची नजर जाते, हे आपल्याला माहीत आहे.

त्यासाठी चार कामं गटानं धरून ठेवावीत.

एक, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिची तारीख मागा. तिथले ठराव नोंदवहीत लिहून घ्या आणि ग्रामसभेत वाचायला लावा.

दोन, ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गावात दहा गट असतील तर शंभर बायका आपल्याच आहेत. कोरम आपल्यामुळे भरतो, हे विसरू नका.

तीन, ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा तयार होतो, त्यात ग्रामसंघाची मागणी लेखी द्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. मागच्या वर्षी ते कशावर खर्च झाले, हा प्रश्न ग्रामसभेत उभं राहून विचारा.

चार, सरपंच ताईंच्या ऐवजी त्यांचे यजमान खुर्चीवर बसत असतील, तर ताईंना एकटं पाडू नका. तीन-चार जणींनी त्यांच्यासोबत मासिक सभेच्या दिवशी जा. खुर्ची त्यांची आहे, याची गावाला सवय होऊ द्या.

आपल्या गटाकडे बघा. दर आठवड्याची बैठक आपली, बचत आपली, कर्ज कुणाला द्यायचं ते आपण ठरवतो. ग्रामसंघ आणि प्रभागसंघ मदतीला आहेत, हिशोब तपासायला आहेत, पण गटाची पेटी गटातच असते. गावाचा कारभार असाच असावा, एवढंच आमचं म्हणणं. वरच्यानं मदत करावी, हिशोब विचारावा, अन्याय झाला तर दाद घ्यावी. पेटीची किल्ली मात्र गावाकडे असावी, आणि ती किल्ली धरणाऱ्या हातांत निम्मे हात आपले असावेत.

पुढच्या बैठकीत हा विषय गटात वाचा. तुमच्या गावातल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि सरपंचांना बोलवा, आणि त्यांना एकच विचारा. तुम्हाला कोणता अधिकार हवा आहे, आणि तो मिळाला तर आमच्यासाठी काय कराल? उत्तर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी विचारायला उपयोगी पडेल.